निकेल सुटलं, अव्या

प्रिय अव्या,

निकेल सुटलं, पेल्टिअर कूलरच्या (वीज सोडली की एक बाजू थंड करणाऱ्या उपकरणाच्या) सांध्यांमधलं. तेही एन-टाइपच्याच (जिथे वीज इलेक्ट्रॉन वाहतात त्या) बाजूचं. घरी सांगितलं तर सगळे माझं तोंड बघत बसतील, म्हणून तुला लिहितेय. मी ठीक, आईचा गुडघाही बरा आहे.

ओव्हनमध्ये १५० अंशांवर ठेवलेले सांधे काल कापले, पॉलिश केले आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घातले. पी-टाइपकडे (जिथे ती इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा वाहतात) सगळं देखणं: सोल्डर, त्याखाली निकेल, मग निकेल टेल्युराइडचा बारीक थर आणि आपला माल (बिस्मथ टेल्युराइडच्या जातीचा). एन-टाइपकडे मात्र सलग भेग. थोडं अंतर निकेलच्या कडेनं जाते, मग आत वळते आणि बिस्मथ टेल्युराइडच्या पापुद्र्यांमधून सुसाट धावते. तो इनगॉट (ओतीव दांडा) तुझ्या भट्टीतला. लगेच बाह्या सरसावू नकोस, पुढचं वाच.

गच्चीवरचं भांडण आठवतंय ना? तुझं म्हणणं, झेडटी (मालाचा थर्मोइलेक्ट्रिक कस सांगणारा आकडा) वाढवा, सोल्डर लावणं हे कारागिराचं काम. नंदू मधे पडला नसता तर आपण महिनाभर बोललो नसतो. (तोच म्हणायचा, अव्या रोज सकाळी भट्टीला विचारतो, झोप लागली का गं?) तेव्हा मला नुसताच राग आला होता, आता हिशेब ऐक. आपल्या मालाची रोधकता साधारण १०⁻³ ओहम-सेंमी. सांध्याचा संपर्करोध १०⁻⁶ ओहम-चौ.सेंमी धरला, तर १ मिमी उंचीच्या लेगच्या (मालाच्या खांबाच्या) रोधात दोन्ही टोकं मिळून २ टक्क्यांची भर पडते. लेग ०.१ मिमी केला की तीच भर २० टक्के. आणि सांधा दसपट वाईट निघाला, तर त्या ०.१ मिमीच्या लेगपेक्षा त्याच्या टोकांचाच रोध दुप्पट! त्या रोधानं होणारी निम्मी उष्णता थंड टोकालाच जन्मते, जिथे आपल्याला ती मुळीच नको असते. मग तुझी झेडटी १ असो की १.२, ती या टोकांपाशीच संपते.

सर म्हणतात, कूलर खोलीच्या तापमानाला चालतो, १५० अंशांचं काय घेऊन बसलीस? पहिल्या दिवशीचा रोध उत्तम आलाय, तो लिही आणि सिनॉप्सिस (थिसिसचा सारांश) दे. मला ते पटत नाही. सोल्डर करतानाच आपण २०० अंशांच्या वर जातो. पीसीआर यंत्रातला (डीएनएच्या प्रती काढणाऱ्या) पेल्टिअर दिवसभर ९५ आणि ६० अंशांच्या आसपास वरखाली होत राहतो. कूलरच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांची सिरॅमिक अ‍ॅल्युमिना तापल्यावर जेवढी वाढते, त्याच्या सुमारे दुप्पट आपला माल वाढतो आणि ती सगळी ओढाताण सांध्याला सोसावी लागते. निकेल काढून टाकायचीही सोय नाही. ते नसेल तर सोल्डरमधलं टिन टेल्युरिअमला भिडतं आणि ठिसूळ टिन टेल्युराइड वाढत जातं. मी सांध्यांवर थिसिस लिहितेय. सांधा किती टिकतो हे त्यात नसेल तर माझ्याच्यानं त्यावर सही करवणार नाही. अजून एक सेमिस्टर लागलं तरी चालेल. फेलोशिपचं काय करायचं तो वेगळा घोर आहे, रात्री तोच डोक्यात असतो.

आता भेगेबद्दल. वायर-सॉनं कापताना पृष्ठभागाखाली बिघडलेला थर राहतो, म्हणून इनगॉटच्या काही चकत्या निकेल चढवण्याआधी रसायनात जास्त झिजवल्या (एच केल्या). भेग आखूड झाली, गेली नाही. मग उरतात दोन संशय. एक, टेल्युरिअमचे शेजारचे थर एकमेकांना व्हॅन डर वाल्स बळानंच धरून असतात आणि झोन-मेल्टिंगच्या (दांडा थोडा थोडा वितळवत पुढे नेण्याच्या पद्धतीच्या) लांबलचक कणांत भेगेला मोकळा रस्ता मिळतो. दुसरा, तू एन-टाइपमध्ये जादा टेल्युरिअम घालायचास. ते निकेलला आयतं खाद्य मिळतं, मग तिथला निकेल टेल्युराइडचा थर हवा त्यापेक्षा जाड होतो. यात तुझा माल वाईट असं मी कुठेही म्हटलेलं नाही! पी-टाइपही तुझ्याच हातचा आहे आणि तो टिच्चून उभा आहे.

नवीन घराचं अभिनंदन राहिलंच, ते इथेच घे. शाल्मलीची बदली थांबली का? पिल्लू बोलायला लागलं म्हणे, आवाज रेकॉर्ड करून पाठव.

पण आधी लॉगबुक काढ. त्या इनगॉटमध्ये जादा टेल्युरिअम किती होतं? आणि मला दिलेल्या चकत्या मधल्या होत्या की शेवटच्या टोकाकडच्या? टेल्युरिअम शेवटाकडे ढकललं जातं, त्यामुळे उत्तर तिथेच असू शकतं. शिवाय त्याच रचनेची पावडर हॉट-प्रेस करून एक चकती पाठव. बारीक कणांच्या मालात भेग दिसली नाही, तर पापुद्र्यांचा संशय खरा. दिसली, तर टेल्युरिअमकडे वळेन. चकती कुरिअरनं पाठव, नंदूबरोबर नको, तो ती खिशात घालून विसरतो.

तुझी,
मुक्ता