चालता चालता शिकलेली अरबी

निनाद बाळा,

पोचलास हे ताईकडून कळलं. मला फोन केला नाहीस, बरोबरच आहे तुझं. स्टेशनवर सगळ्यांसमोर मी बोलून गेले की धड चालता येत नाही आणि निघालाय अलीगढला अरबी शिकायला. बोलायला नको होतं. तू काठी बाजूला सारलीस, दांड्याला धरून आधी डावा पाय टाकलास, मग उजवा ओढून घेतलास, तेवढंच डोळ्यांसमोर येतंय. गाडी हलली तरी खिडकीशी आला नाहीस.

पायाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलेय.

तुझी ती शिबली नोमानींवरची, म्हणजे पूर्वी अलीगढलाच शिकवणाऱ्या त्या उर्दू-फारसीच्या विद्वानांवरची वही टेबलावरच राहिली. आधी रागानेच उघडली, म्हटलं बघू तरी कोण हा माणूस ज्याच्यापायी माझ्या पोराने बँकेतली नोकरी सोडली. मग दोन रात्री वाचतच बसले. आझमगढचे वकील त्यांचे वडील, धाकट्या मुलांना इंग्रजी शिकवलं, एक तर विलायतेला गेला, आणि थोरला हा अरबी-फारसीत बुडालेला. वडिलांसाठी वकिलीची परीक्षा दिली, पास झाले, थोडे दिवस वकिली केली पण मन रमलं नाही. एवढं मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, चष्मा पुसत राहिले. पण दुसऱ्या दिवशी वही त्यांच्या उशाशी होती.

सगळ्यात आवडलं ते लाहोरचं. फैजुल हसन सहारनपुरींकडे अरबी शिकायला एवढ्या लांब गेले आणि गुरुजींना वेळच नाही, तर म्हणे घरापासून कॉलेजपर्यंत जाता-येता रस्त्यात शिकवायचे, आणि हे बरोबर चालत चालत धडा घ्यायचे. तिथे तू पेन्सिलने लिहिलंयस, "असे सर मिळाले पाहिजेत." बाळा, अरे तू किती चालणार कुणाबरोबर? नडगीतला रॉड अजून काढलेला नाही. बघ, आलेच परत पायावर.

लहानपणी तू बोलायला उशीर केलास, आजी रोज देवापुढे बसायची. आणि आता तोच मुलगा उजवीकडून डावीकडे सरसर लिहितो, वहीत बघितलं, काय वळणदार अक्षर आहे रे, मी शेजारच्या काकूंना पण दाखवलं.

ते 1892 चं जहाजाचं पण वाचलं. तुर्कस्तान, सीरिया, इजिप्तला निघालेले, बरोबर अलीगढचेच प्रोफेसर अर्नोल्ड. शिबली त्यांना अरबी शिकवत आणि त्यांच्याकडून फ्रेंच शिकत. मध्येच समुद्रात इंजिन बंद पडलं, शिबली घाबरून त्यांच्याकडे धावले तर हे साहेब शांतपणे पुस्तक वाचतायत. म्हणाले, जहाज बुडणारच असेल तर उरलेला वेळ जास्तच मोलाचा, तो वाया का घालवायचा. तू याला दोनदा अंडरलाइन केलंयस. मला मात्र धस्स झालं. तुझ्या ॲक्सिडेंटच्या रात्री आयसीयूबाहेर बसून मी एकच धरून बसले होते, जहाज बुडायला नको, बस. शुद्धीवर आल्यावर तू आधी काय विचारलंस? मोबाईलमधल्या नोट्स आहेत ना.

पुढचं पान तू दुमडून ठेवलंयस, म्हणून मी ते उघडलंच. 1907 चा मे, घरातच बंदूक चुकून उडाली आणि शिबलींचा पाय गेला. नकली पाय लावून वावरले. तरी पुढच्याच वर्षी फारसी कवितेच्या इतिहासाचा पहिला भाग आला, एकूण पाच भागांचं काम. 1913 ला कानपूरच्या मशिदीपाशी गोळीबार झाला त्यावर उर्दू नज्मा, म्हणजे कविता, लिहिल्या. 1914 मध्ये धाकटा भाऊ इसहाक गेला, त्याच्यावर मर्सिया, म्हणजे शोककविता, लिहिली, आणि त्याच नोव्हेंबरात स्वतः गेले. पैगंबरांचं चरित्र अर्धं राहिलं ते शिष्याने, सुलेमान नदवींनी पुरं केलं.

तू पान का दुमडलंस ते कळलं मला. पण त्यांच्यावेळी इलाज नव्हता, तुझ्याकडे डॉक्टर आहेत, फिजिओ आहे, तो चुकवू नकोस, आणि रात्री दोन दोन वाजेपर्यंत पाय लोंबकळत ठेवून वाचत बसू नकोस, सूज येते. तिकडे थंडी पण भयंकर असते म्हणे. लेक्चर झालं, सॉरी. तू सत्तावीसचा आहेस, मला माहितीये. पण दवाखान्यात तुला पहिल्यांदा उभं केलं तेव्हा तुझा सगळा भार माझ्या खांद्यावर होता, तो खांदा अजून विसरत नाही.

वही कुरिअरने पाठवतेय. त्याच खोक्यात डिंकाचे लाडू, तिळाचं तेल आणि काठी आहे. काठी बाबांनी स्वतः बांधली, खालचं रबर नवीन बसवून. पैसे ताईच्या अकाउंटवरून येतील, कुणाचे ते विचारू नकोस.

हॉस्टेलला तळमजल्याची खोली मागितलीस का? मेसेज केलास तरी चालेल.

आई