आत शिरण्याआधी बाहेरचे दार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्याच्या पुरवणीत रोजचे काम सोपे करणाऱ्या दहा ऑनलाइन साधनांवर लेख आला होता. तो मी दोनदा वाचला. एकदा वाचक म्हणून, आणि एकदा सवयीने, चुका शोधत. गेली एकवीस वर्षे मी घरबसल्या मुद्रितशोधन करते, त्यामुळे दुसरे वाचन टळत नाही. लेखातल्या दहांपैकी सात साधने मी वापरून सोडली आहेत. ती सोडताना काय काय झाले ते कळवावे म्हणून हे पत्र.

माझ्या कामात प्रत्येक लेखकाची एक वेगळी वही लागते. कुणाला 'पध्दत' हवे असते आणि 'पद्धत' केले की राग येतो, कुणी 'देखील' जोडून लिहितो, कुणी तोडून. एका पुस्तकात जे ठरले ते त्याच लेखकाच्या पुढच्या पुस्तकात पाळावे लागते. या वह्या कागदी होत्या तोवर सगळे हळू पण ठीक चालले होते. मग मी त्या एका नोंदींच्या ॲपमध्ये नेल्या. पहिला रविवार लेबलांचे रंग ठरवण्यात गेला. लेखकाला निळा, अनुवादकाला हिरवा, आणि पैसे थकवणाऱ्याला लाल. त्या दिवशी एकही पान तपासून झाले नाही, तरी संध्याकाळी फार काम केल्यासारखे वाटत होते. या साधनांची ही खोड लेखात यायला हवी होती, असे मला वाटते.

चार वर्षांत सहाशेच्या वर नोंदी साठल्या. पुढे त्या ॲपचे रूप बदलले, मला ते जमेना, म्हणून निघायचे ठरवले. तेव्हा कळले की नोंदी बाहेर काढायची सोय आहे, पण एका वेळी एकच, आणि तीही पीडीएफमध्ये. लेबले तिथेच राहणार. नऊ संध्याकाळी बसून मी त्या हाताने उतरवल्या. ॲपचे नाव घेत नाही, कारण चूक माझीही होती. आत शिरताना बाहेरचे दार कुठे आहे ते मी पाहिलेच नव्हते.

हे दार पाहावे लागते, कारण घरमालक बदलतात. वंडरलिस्ट हे कामांच्या याद्यांचे साधन लोकांचे फार आवडते होते. मायक्रोसॉफ्टने ते 2015 मध्ये विकत घेतले आणि 6 मे 2020 रोजी बंद केले. ते परत विकत घ्यायची तयारी त्याच्या संस्थापकाने जाहीरपणे दाखवली होती, तरी ते बंदच झाले. याद्या नव्या साधनात हलवायची सोय दिली होती, हे मान्य. निरनिराळ्या संकेतस्थळांवरचे नवे लेख एका जागी वाचायला देणारे गूगल रीडर 2013 च्या जुलैमध्ये गेले. नोंदी ठेवायच्या एव्हरनोटने 2023 च्या डिसेंबरात फुकट वापरणाऱ्यांना पन्नास नोंदी आणि एक वही अशी मर्यादा घातली. यात बेकायदा काही नाही, कंपन्या त्यांचा धंदा पाहणारच. पण 'फुकट आहे, लगेच सुरू करा' असे सुचवणाऱ्या लेखात एवढा इतिहास दोन ओळींत तरी मावला असता.

दुसऱ्या एका साधनाने मला सगळ्या नोंदींची एक सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची फाइल, काढून दिली. आनंदाने उघडली, तर एक अक्षर मराठी दिसेना. डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चलनाची खूण, पुन्हा तोच ए, पुन्हा तीच खूण, अशा ओळीच्या ओळी. सगळे गेले असे वाटून मी फाइल पुसायच्या बेतात होते. सुदैवाने पुसली नाही. फाइल धडधाकट होती, मी ती उघडण्यात चुकले होते. स्प्रेडशीटमध्ये तिच्यावर नुसते दोनदा टिचकी मारून न उघडता 'इम्पोर्ट' करावी आणि तिथे अक्षरे कोणत्या सांकेतिक पद्धतीत आहेत असे विचारल्यावर यूटीएफ-8 निवडावे, म्हणजे देवनागरी जशीच्या तशी येते. एवढी माहिती मिळवायला मला अख्खी दुपार लागली.

आता माझ्या धंद्यातले दुखणे. मराठीतला तो अर्धा 'र', म्हणजे 'वाऱ्या'तला किंवा 'तऱ्हे'तला, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरे संगणकावर साठवायच्या सामायिक पद्धतीत, दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत साध्या 'र'ला हलन्त जोडून पुढे न दिसणारे एक जोडचिन्ह टाकतात. दुसरीत खाली टिंब असलेला 'ऱ' घेऊन त्याला हलन्त जोडतात. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, माझ्यासारखीलाही डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. कोणती रीत उमटणार हे कळफलकावर अवलंबून असते. माझ्या फोनचा कळफलक एका रीतीचा आहे, संगणकाचा दुसऱ्या. त्यामुळे फोनवर 'तऱ्हा' असे टिपलेले संगणकावर शोधले तर 'काहीही सापडले नाही' असे उत्तर यायचे. मी स्वतःला विसरभोळी ठरवून एकच नोंद तीनतीनदा केली आहे. काही साधने दोन्ही रीती एकच मानतात, काही मानत नाहीत. मराठी वाचकांसाठी साधनाची परीक्षा घ्यायची तर ती इथे घ्यायला हवी. आत दोन शब्द टाका, शोधा, सापडतात का पाहा. पाच मिनिटांचे काम आहे.

माझे या साधनांशी वैर नाही. मूळ मजकूर आणि माझ्या दुरुस्त्या वेगळ्या दाखवणारी 'सूचना' ही सोय गूगल डॉक्समध्ये आली, तेव्हापासून लेखकांशी होणारी माझी निम्मी भांडणे संपली. जुने मसुदे जपणाऱ्या आवृत्ती-इतिहासाने तर एकदा माझी अब्रू वाचवली. एका लेखकांनी फोन करून सांगितले की त्यांचा एक परिच्छेद मी खाऊन टाकला. इतिहास उघडला, तर तो रात्री पावणेदोनला त्यांच्याच खात्यातून पुसला गेला होता. ते म्हणाले, "असेल, झोप आली होती." परिच्छेद परत ठेवला, विषय संपला.

लेखात पोमोदोरोसाठी एक वेगळे ॲप सुचवले आहे, त्याची मात्र गंमत वाटली. पोमोदोरो म्हणजे इटालियन भाषेत टोमॅटो. फ्रांचेस्को चिरिलो या विद्यार्थ्याने 1980 च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ लावून अभ्यास केला, 25 मिनिटे काम आणि 5 मिनिटे विश्रांती, एवढीच ती पद्धत. त्यासाठी खाते उघडून गुण कशाला मिळवायचे? फोनच्या घड्याळात गजर असतोच. मुद्रिते तपासताना मी 25 मिनिटे पाळते, कारण त्यानंतर डोळे वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ ते पाहत नाहीत, नुसता अर्थ वाचत सुटतात.

कामांची कार्डे एका रकान्यातून पुढच्या रकान्यात सरकवायच्या ऑनलाइन फळ्यांचेही तसेच. त्यांच्या मुळाशी असलेली कानबान ही टोयोटाच्या कारखान्यातली पद्धत, ताईची ओनो यांनी रुजवलेली. तिचा जीव आहे हातात एका वेळी किती कामे घ्यायची या मर्यादेत. ऑनलाइन फळ्यावर ती मर्यादा आपणच घालून घ्यावी लागते. मी घातली नव्हती, आणि माझ्या 'चालू' या रकान्यात एकदा सतरा कार्डे होती. आता तीन ठेवते. चौथे पुस्तक आले की थांबायला सांगते, आणि आश्चर्य म्हणजे लोक थांबतात.

घरच्यासाठी एकच साधन टिकले, ते म्हणजे सामायिक कॅलेंडर. आईच्या औषधांच्या वेळा आम्हा तिन्ही भावंडांना दिसतात. धाकटा भाऊ परदेशात असतो, त्याला त्या त्याच्या तिथल्या वेळेत दिसतात, हिशेब करावा लागत नाही. फक्त मी रात्री नऊच्या गोळीची आठवण 'रोज' म्हणून लावली आणि संपायची तारीख घातली नाही. डॉक्टरांनी गोळी बंद केली, आठवण चालूच राहिली. आम्ही दोघी बहिणी तिकडे लक्ष देत नव्हतो. भाऊ मात्र पुढचे अकरा दिवस न चुकता फोन करून विचारत होता, गोळी घेतली का. आईने ते त्याला सांगितलेच नाही. रोज फोन येत होता ना!

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक साधनाखाली दोन ओळी जास्त द्या. आपली माहिती बाहेर काढता येते का, येत असेल तर कोणत्या स्वरूपात, ही एक. आणि आत मराठी शब्द शोधून सापडतात का, ही दुसरी. जागा कमी पडत असेल तर साधने दहाऐवजी सहा घ्या.

आपली,
एक मुद्रितशोधक
(नाव छापू नये.)

ता. क. : आपला लेख मी ऑनलाइन आवृत्तीतून माझ्या नोंदींत उतरवून घेतला. त्यात 'दुसऱ्या' हा शब्द चार वेळा आहे. शोधला तर तीनच सापडतात. चौथा पाचव्या परिच्छेदात आहे, शेवटून दुसऱ्या ओळीत.