बेट निवडताना आधी महिना बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'खिशाला परवडणारी बेटं' अशा याद्या झळकू लागतात. त्यांतला क्रम बहुतेकदा खोलीच्या एका रात्रीच्या भाड्यावरून लावलेला असतो. हे माप फसवं आहे. खोली आवडली नाही तर तिथे पोचल्यावरही बदलता येते. आपण गेलो तो महिना, विमानतळापासून खोलीपर्यंतची वाट आणि खोलीसमोरचा समुद्र मात्र बदलता येत नाही.

थायलंडचंच घ्या. फुकेत, क्राबी, को लांता ही अंदमान समुद्राकडची बाजू. मे ते ऑक्टोबर तिथे नैर्ऋत्य मोसमी वारे असतात, समुद्र खवळलेला असतो आणि किनाऱ्यावर पोहायला मनाई करणारे लाल झेंडे लागतात. जवळची सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच ठेवतात. त्याच देशातलं को सामुई आहे थायलंडच्या आखातात, म्हणजे दुसऱ्या बाजूला. तिथे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यातही नोव्हेंबर सर्वांत वाईट. त्यामुळे ऑगस्टमध्ये फुकेतची खोली कितीही स्वस्त मिळाली तरी समुद्रात उतरायचं असेल तर सामुईच बरं. मलेशियातही पूर्व किनाऱ्यावरची पेरहेन्तियन, रेदांग, तिओमान ही बेटं साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी जवळपास बंद असतात. बोटी कमी होतात, बरीच निवासस्थानं कुलूप लावतात. त्यातल्या डिसेंबर ते फेब्रुवारीत पश्चिमेचं लंकावी कोरडं असतं. श्रीलंकेत डिसेंबर ते मार्च दक्षिण किनाऱ्यावरचे मिरिसा आणि उनावटुना, तर मे ते सप्टेंबर पूर्वेचं त्रिंकोमाली बरं. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे महिने. ऐन पावसात कुटा-सेमिन्याकच्या किनाऱ्यावर प्लॅस्टिकचे ढीग वाहून येतात, हे जाहिरातीतल्या फोटोंत दिसत नाही. कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. अरूबा, बोनेअर, कुरासाव दक्षिणेला असल्याने बहुधा त्यातून सुटतात.

पैसे वाचवायचे तर ऐन पावसाळा नको, हंगामाच्या कडेचे आठवडे धरावेत: बालीला मे किंवा सप्टेंबर, फुकेतला नोव्हेंबरचा शेवट.

आता वाट. सामुईचा विमानतळ एका विमान कंपनीच्याच मालकीचा आहे, त्यामुळे थेट तिकीट सहसा महाग पडतं. स्वस्त मार्ग सुरत थानीपर्यंत विमानाने, तिथून बसने डोनसाक आणि पुढे फेरीबोटीने. यात अर्धा दिवस जातो, आणि विमान उशिरा उतरलं व शेवटची बोट निघून गेली तर मुख्य भूमीवर एका रात्रीचा खर्च वाढतो. विमानाची दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तरी कंपनी भरपाई देत नाही. मालदीवमध्ये सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं, म्हणून दुपारनंतर उतरणाऱ्या प्रवाशाला बरेचदा माले किंवा हुलहुमालेत रात्र काढावी लागते.

मालदीव स्वस्तात करायचं तर माफुशीसारखी स्थानिक लोकांच्या वस्तीची बेटं आहेत. तिथे स्पीडबोट आणि सरकारी फेरी, दोन्ही जातात. पण सरकारी फेऱ्या शुक्रवारी साधारणपणे बंद असतात. वस्तीच्या बेटावर मद्य मिळत नाही आणि पोहण्याच्या तोकड्या कपड्यांसाठी वेगळा किनारा राखलेला असतो. ज्यांना हे जाचक वाटेल त्यांनी दुसरं बेट बघावं, कारण केवळ दारूसाठी रिसॉर्टला गेलं की हिशोब पार बदलतो. रिसॉर्टच्या दरापुढे दोन अधिक चिन्हं (++), म्हणजे सेवाशुल्क आणि कर वेगळे, असतील तर 200 डॉलर म्हणजे 200 नव्हेत. आधी 10 टक्के सेवाशुल्क धरून 220, त्यावर जुलै 2025 पासूनचा 17 टक्के कर, झाले 257.40. शिवाय जानेवारी 2025 पासून हरित कर माणशी रोज 12 डॉलर, दोघांचे 24. एकूण 281.40. वस्तीच्या बेटांवरच्या लहान गेस्ट हाउसना हाच हरित कर 6 डॉलर आहे.

जवळचं महाग बेट की लांबचं स्वस्त, याचं उत्तर रात्रींच्या संख्येत असतं. समजा लांबच्या बेटाचा विमान, बोट, व्हिसा, प्रवेशकर असा एकदाचा खर्च 600 आणि रोजचा 40. जवळच्याचा एकदाचा 250 आणि रोजचा 90. 7 रात्रींना दोन्ही सारखेच, 880. 4 रात्रींना जवळचं 610 आणि लांबचं 760. 10 रात्रींना उलट, जवळचं 1150 आणि लांबचं 1000.

समुद्राबद्दल याद्यांमध्ये जवळजवळ काहीच नसतं. झांझिबारच्या पूर्वेला पाजे, जांबियानी इथे ओहोटीला पाणी शेकडो मीटर मागे जातं. काइटसर्फिंगला, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर घसरण्याच्या खेळाला, जागा उत्तम, पण डुंबायचं तर भरतीची वाट बघावी लागते. उत्तरेच्या नुंग्वी-केंद्वाला हा त्रास फारसा नाही. ही ओढ अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सर्वांत जास्त, अष्टमीच्या आसपास भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते त्या दिवसांत, कमी. तारखा हलवता येत असतील तर भरतीचं कोष्टक बघून हलवाव्यात. उपग्रह नकाशावर किनाऱ्यापासून लांब पांढरी रेघ दिसली तर तिथे प्रवाळाची भिंत लाटा अडवते आणि आतलं पाणी शांत असतं. ही रेघ जिथे तुटते तिथून पाणी जोराने बाहेर ओढलं जातं. नवख्याने तिथे पोहू नये. मॉरिशसला अशी भिंत जवळजवळ सभोवार आहे, तरी जून ते सप्टेंबर आग्नेय वाऱ्यामुळे पूर्व किनाऱ्यापेक्षा पश्चिम आणि उत्तर बरी.

भाड्याच्या स्कूटरने पैसे वाचतात, पण दुचाकीचा परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर बहुतेक प्रवासविमे अपघाताचा खर्च नाकारतात. अनामत म्हणून पासपोर्ट ठेवून घेणाऱ्याकडून गाडी घेऊच नये.

पुढच्या यादीत प्रत्येक बेटापुढे दोन रकाने वाढवावेत, ही विनंती: समुद्र शांत असण्याचे महिने, आणि विमानतळ ते खोली दोघांचा जाण्यायेण्याचा खर्च. जागा कमी पडत असेल तर सूर्यास्ताचा एखादा फोटो गाळावा.

आपला,
एक वाचक