पेट्रोल म्हणजे ‘शुद्ध’ केलेले तेल नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतला कच्च्या तेलावरचा लेख आवडला, पण सोबतच्या आकृतीपाशी अडखळले. कच्चे तेल तापवून त्याचे भाग वेगळे करणाऱ्या मनोऱ्याच्या तळाशी ‘अशुद्ध तेल’ आणि वरच्या टोकाला ‘शुद्ध पेट्रोल’ असे छापले आहे. मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले. ‘तेलशुद्धीकरण’ हा शब्द कानावर पडला की मुलांची ठाम समजूत होते, गढूळ पाणी गाळावे तसा कच्च्या तेलातला गाळ काढला की पेट्रोल उरते. ती समजूत पुढे मोठेपणीही जात नाही.

कच्चे तेल हे हजारो हायड्रोकार्बनांचे, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचे, मिश्रण आहे. त्यात वजनाने ८३ ते ८७ टक्के कार्बन, १० ते १४ टक्के हायड्रोजन आणि बाकी थोडे गंधक, नायट्रोजन वगैरे. या रेणूंमधला मोठा फरक कार्बनच्या साखळीच्या लांबीचा. प्रोपेनमध्ये ३ कार्बन, पेट्रोलमध्ये साधारण ५ ते १२, डिझेलमध्ये १२ ते २०, डांबरात तर कितीतरी अधिक. साखळी लांब तशी रेणूंची एकमेकांवरची पकड घट्ट, आणि उकळायला तापमानही जास्त लागते. साधारण ३५० अंश सेल्सिअसला तापवलेले तेल मनोऱ्यात शिरते, वाफा वर चढताना निवत जातात आणि ज्याचा त्याचा मजला आला की द्रव होतात. ही निवड झाली. यात शुद्ध-अशुद्ध काही नाही.

प्रयोगशाळेत आम्ही हे छोट्या प्रमाणात करत असू. नमुना काळपट तपकिरी, उजेडात धरला की कडेला हिरवट झाक. चंबू तापू लागला की पहिले थेंब पडायचे ते पाण्यासारखे रंगहीन, नाकाला झोंबणारे. तापमापी २०० च्या पुढे गेली की थेंब पिवळसर आणि जडसर होत. मग थोडे थोडे वेगवेगळ्या बशांत घेऊन पेटवायचे. पहिल्या बशीतले काडी टेकायच्या आधीच भडकायचे, कारण पेटते ती वाफ. शेवटच्या बशीतले मात्र कापसाची वात घातल्याशिवाय पेटतच नसे, आणि पेटले की काजळी धरायचे. सगळे एकाच चंबूतले! मुलांच्या डोक्यात हे एकदा बसले की पुन्हा सांगावे लागत नसे.

शिवाय ‘शुद्ध’ कशाला म्हणायचे हे गरजेवर ठरत आले आहे. १८५९ मध्ये एडविन ड्रेक यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल येथे तेलविहीर खणली, तेव्हा लोकांना हवे होते ते दिव्याचे रॉकेल. पेट्रोलचा भाग धोकादायक म्हणून बऱ्याचदा फेकून देत. मोटारी आल्या आणि तेच अपुरे पडू लागले. १९१३ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्यम बर्टन यांनी उष्णता आणि दाबाने लांब साखळ्या तोडण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आज टाकीत येणाऱ्या पेट्रोलचा मोठा भाग असा मोडतोड करून घडवलेला असतो. जे तेलात मुळात नव्हतेच, ते गाळून मिळाले असे कसे म्हणणार?

खऱ्या अर्थाने शुद्धीकरण होते ते मीठ आणि गंधक काढताना. ते जरूर सांगावे.

आणखी एक, आणि मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘शुद्ध’ म्हटले की जळल्यावर मागे काही राहत नाही असे वाटते. पण पेट्रोलमधला प्रत्येक कार्बन हवेतले दोन ऑक्सिजन जोडून घेतो. त्यामुळे साधारण पाऊण किलो भरणारे १ लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा आकडा फळ्यावर मांडला की वर्गात हटकून कोणीतरी विचारायचे, “बाई, जाळले त्यापेक्षा जास्त कसे?” या प्रश्नासाठी मी तासभर द्यायला तयार असे.

आकृती पुन्हा छापाल तेव्हा तळाशी ‘कच्चे तेल’ आणि वर नुसते ‘पेट्रोल’ लिहावे, आणि प्रत्येक मजल्याशेजारी तिथले तापमान द्यावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका