थॉमस-उबर कप जिंकायचा असेल तर डबल्सकडे बघा

संपादक साहेब,
स. न. वि. वि.

एप्रिल २०२६ च्या शेवटी डेन्मार्कला हॉर्सेन्समधे थॉमस कप आणि उबर कप आहे. अजून अवकाश आहे हे खरं, पण स्पर्धा सुरू झाली की निकालापलीकडे कोणी काही बोलत नाही, म्हणून आत्ताच लिहितोय. मला एकच गोष्ट सांगायचीय, ती म्हणजे या दोन्ही स्पर्धा डबल्सवर जिंकल्या जातात आणि आपल्याकडे डबल्सला कोणी विचारत नाही. पालक नाही, क्लब नाही आणि माफ करा पण पेपरवालेही नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. थॉमस कप पुरुषांचा, उबर कप महिलांचा, आणि दोन्ही देशादेशांमधल्या सांघिक स्पर्धा. एका लढतीत पाच मॅचेस असतात, तीन सिंगल्स आणि दोन डबल्स, तीन जिंकल्या की लढत खिशात. पूर्वी थॉमस कपला नऊ मॅचेस असायच्या, पाच सिंगल्स आणि चार डबल्स, आणि उबर कपला सात, त्यातल्या तर चार डबल्सच्या! म्हणजे बायकांच्या स्पर्धेत डबल्सच जास्त. १९८४ पासून दोन्ही स्पर्धा एकत्र आणि दर दोन वर्षांनी होतात आणि पाच मॅचेसचा नियम आला. तरी पाचातल्या दोन म्हणजे काय थोडं झालं का? एक भारी सिंगल्स प्लेयर तुम्हाला एकच पॉइंट देऊ शकतो, उरलेले दोन आणायचे कुठून हा खरा प्रश्न आहे, आणि आपण वर्षानुवर्षं तिथेच अडकलो.

प्रकाश पदुकोण १९८० ला ऑल इंग्लंड ही मानाची सिंगल्स स्पर्धा जिंकले, गोपीचंद २००१ ला जिंकले, दोघांच्याही काळात थॉमस कप काही आला नाही. १९५२, १९५५ आणि १९७९ ला आपण सेमीफायनलपर्यंत गेलो, त्यापुढे कधीच नाही. मग २०२२ ला बँकॉकमधे आपण कप जिंकलो, असं वेगळं काय झालं? सगळे म्हणतात आपले सिंगल्सवाले लक्ष्य सेन, श्रीकांत, प्रणॉय फॉर्मात होते. होतेच, त्यांचं श्रेय कोणी काढून घेत नाहीये. पण जरा लढती एकेक करून बघा. क्वार्टरफायनलला मलेशियासमोर लक्ष्य पहिली मॅच ली झी जियाकडून हरला. सेमीला डेन्मार्कसमोर लक्ष्य पुन्हा पहिली मॅच हरला, समोर अॅक्सेलसन होता. दोन्ही वेळा आपण ०-१ ने मागे, आणि दोन्ही वेळा लगेच पुढच्या मॅचला आपली डबल्सची जोडी सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी कोर्टवर उतरले आणि बरोबरी करून दिली. डेन्मार्कविरुद्ध तर तिसरा गेम २२-२० असा गेला, दोन पॉइंट इकडचे तिकडे झाले असते तर पुढे श्रीकांत आणि प्रणॉय काय खेळले असते ते देव जाणे. प्रणॉय पाचव्या मॅचमधे घसरून पडला, घोटा दुखावला, तरी पहिला गेम गेल्यावर पुढचे दोन २१-९, २१-१२ असे काढले, ते कोणी विसरणार नाही. पण त्याला पाचव्या मॅचपर्यंत नेलं कोणी?

आणि फायनल! समोर इंडोनेशिया, तोवर १४ वेळा जिंकलेला देश. लक्ष्यने पहिला गेम ८-२१ हरून मॅच काढली, मग सात्विक-चिराग विरुद्ध अहसान-सुकामुल्जो. पहिला गेम गेला, दुसऱ्यात १७-२० असे मागे, म्हणजे समोरच्यांकडे सलग तीन मॅच पॉइंट. मी ती मॅच नंतरही बघितलीय आणि दरवेळी मला तोच भाग परत बघावासा वाटतो, कारण तिथे डबल्स म्हणजे काय ते कळतं. सात्विक मागून मारतोय आणि चिराग नेटवर उभा, रॅकेट खांद्याच्या वर, समोरच्याने उचललेलं शटल जरा खाली आलं की लगेच त्याच्यावर. कोण मागे जाणार कोण पुढे येणार हे दोघं एकमेकांना सांगतही नाहीत, पावलंच बोलतात. चार मॅच पॉइंट वाचवले, गेम २३-२१ घेतला आणि तिसरा २१-१९. मग श्रीकांतने क्रिस्टीला हरवलं आणि ३-० झालं. १९४९ ला मलायाने पहिला थॉमस कप उचलला तेव्हापासून ७३ वर्षांत तो उचलणारा आपला फक्त सहावा देश, बाकीचे मलेशिया (म्हणजे जुना मलाया), इंडोनेशिया, चीन, जपान आणि डेन्मार्क.

ही जोडी आपोआप नाही जमली. तान किम हर नावाचे मलेशियन कोच आपल्याकडे आले, त्यांनी आंध्रचा एक उंच मुलगा (सात्विक) आणि मुंबईचा एक मुलगा (चिराग) एकत्र केले, पुढे डेन्मार्कचे मथियास बो कोच म्हणून आले. म्हणजे डबल्ससाठी वेगळा कोच आणि वेगळा सराव हे कोणीतरी ठरवून केलं आणि वर्षानुवर्षं केलं. तरीसुद्धा बँकॉकला आपली दुसरी जोडी मलेशियाकडूनही हरली आणि डेन्मार्ककडूनही. २०२४ ला चेंगडूत चीनसमोर क्वार्टरफायनलला लक्ष्यने आपली मॅच जिंकली पण दोन्ही डबल्स गेल्या आणि आपण १-३ ने घरी आलो. एकच जोडी असली की ती हरल्यावर मागे काहीच उरत नाही.

आता उबर कपबद्दल बोलतो, कारण त्याबद्दल तर कोणी बोलतच नाही. २०१४ ला स्पर्धा आपल्याकडे दिल्लीत सिरी फोर्टला होती. सायना आणि सिंधू दोघी एकाच संघात, यापेक्षा भारी सिंगल्स कोणाकडे होते सांगा. सेमीफायनलला जपानसमोर दोघींनी आपापल्या मॅचेस जिंकल्या, २-० झालं, एक पॉइंट हवा होता फक्त. मग आपली डबल्सची जोडी ज्वाला गुट्टा-अश्विनी पोनप्पा हरल्या, तिसरी सिंगल्स गेली, आणि शेवटच्या निर्णायक डबल्सला आपण कोणाला उतरवलं? सायना आणि सिंधूलाच! देशाच्या दोन सगळ्यात मोठ्या सिंगल्स प्लेयर, नेहमी डबल्स न खेळणाऱ्या, त्या दिवशी आधीच एकेक मॅच खेळून झालेल्या, त्यांना जपानच्या मुरलेल्या डबल्स जोडीसमोर उभं करावं लागलं कारण ज्वाला-अश्विनीच्या मागे त्या तोडीची दुसरी जोडीच नव्हती. हरलो. ब्रॉन्झ मिळालं, २०१६ ला कुनशानलाही ब्रॉन्झ मिळालं, त्याचं कौतुक आहेच, पण त्या दिवशी फायनल एका जोडीने हुकली असं मी आजही म्हणतो.

उलट उदाहरण कोरियाचं घ्या. २०२२ च्या उबर कपच्या फायनलला त्यांची अॅन से यंग, जी आज महिला सिंगल्समधलं सगळ्यात मोठं नाव आहे, ती चीनच्या चेन युफेईकडून तिसऱ्या गेममधे २०-२२ ने हरली. आपल्याकडे असं झालं असतं तर तिथेच टीव्ही बंद झाले असते. कोरियाने दोन्ही डबल्स जिंकल्या, शेवटची सिंगल्स सिम यू जिनने काढली आणि कप नेला. म्हणजे सगळ्यात मोठी खेळाडू हरूनही संघ जिंकू शकतो, मागे दोन पक्क्या जोड्या असल्या तर.

आपल्या मुलींमधे हे करायची ताकद नाही असं अजिबात नाही. फेब्रुवारी २०२४ मधे मलेशियात शाह आलमला आशियाई सांघिक स्पर्धा झाली, आपल्या मुलींनी पहिल्यांदाच गोल्ड आणलं. फायनलला थायलंडविरुद्ध सिंधू जिंकली, ट्रीसा-गायत्री डबल्स जिंकल्या, मग पुढच्या दोन मॅचेस गेल्या आणि २-२ वर १७ वर्षांची अनमोल खरब उतरली, वर्ल्ड रँकिंग ४७२, आणि जिंकून आली. किती लोकांना ही बातमी आठवते? त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी चेंगडूला उबर कप होता, ऑलिम्पिकचं वर्ष म्हणून सिंधू, ट्रीसा-गायत्री, अश्विनी-तनिषा कोणीच गेल्या नाहीत, सगळा पोरींचा संघ गेला आणि तरी कॅनडा आणि सिंगापूरला ४-१, ४-१ हरवून क्वार्टरफायनलला पोचला. त्या संघात सिमरन सिंघी आणि आपल्या नागपूरची रितिका ठाकर ही जोडी होती, २०२२ च्या उबर कपलाही त्या दोघी होत्या. महाराष्ट्राची मुलगी दोनदा उबर कप संघात जाते आणि आपल्या शहरातल्या बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलींना तिचं नाव माहीत नसतं, मला हे फार लागतं. आणि मूळची गोव्याची तनिषा क्रास्टो, अश्विनीबरोबर पॅरिस ऑलिम्पिक खेळून आली, तिच्याबद्दल तरी कुठे चार ओळी वाचायला मिळतात.

आता आपल्या हॉलमधे काय चालतं ते सांगतो, कारण मुळात दुखणं तिथेच आहे. मी संध्याकाळी नियमित खेळायला जातो, शेजारच्या कोर्टवर मुलांची बॅच असते. दीड तास फुटवर्क, मल्टीशटल (एकामागून एक शटल टाकून सराव), सिंगल्सच्या रॅली. डबल्स कधी? शेवटच्या पंधरा मिनिटांत, मुलं जास्त आणि कोर्ट एकच म्हणून, सगळ्यांना खेळायला मिळावं म्हणून चार-चार जण आत सोडतात. कोणी सर्व्हिस शिकवत नाही, रिसीव्ह करताना पाय कुठला पुढे ते सांगत नाही, मारल्यावर पुढे यायचं की मागेच थांबायचं हे मुलं आपापल्या अंदाजाने करतात आणि एकमेकांवर आदळतात. आणि कोर्टच्या मागे बसलेले आईबाप! एखाद्या कोचने म्हटलं की तुमच्या मुलाचे हात फास्ट आहेत, नेटवर छान खेळतो, याला डबल्सला घालू, तर त्यांचा चेहरा पडतो, जणू मुलगा नापास झालाय. सिंगल्स जमलं नाही म्हणून डबल्स असा सगळीकडे समज आहे. शटलचा खर्च, रॅकेटच्या गटिंगचा (तारा बसवायचा) खर्च, टूर्नामेंटला जायचा यायचा खर्च, एवढं सगळं करून मुलगा डबल्स खेळणार का, असं मी कानांनी ऐकलंय. पालकांचं मी समजू शकतो, त्यांना दिसतं तेच ते बोलतात, आणि त्यांना दिसतं फक्त सिंगल्स. जिल्ह्याच्या स्पर्धेत तर काही वेळा मुलगे आयत्या वेळी एन्ट्रीच्या टेबलावर पार्टनर शोधत असतात, अशाने जोडी कशी तयार होईल?

खरं तर आपल्याकडे ही परंपरा नव्हती असं नाही, हेच मला कळत नाही. ज्या पुण्याच्या नावाने इंग्रज लोक या खेळाला पूना म्हणायचे त्याच पुण्यात प्रा. दि. ब. देवधरांच्या मुलींनी, तारा, सुंदर आणि सुमन, राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या, डबल्सची विजेतेपदंही घेतली. आमच्या सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर, १९५६ ला परदेशात स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय, त्यांची राष्ट्रीय विजेतेपदं १७, त्यातली सिंगल्सची फक्त सहा, बाकी सहा डबल्सची आणि पाच मिक्स्डची. थॉमस कपलाही ते सिंगल्स आणि डबल्स दोन्ही खेळायचे. प्रदीप गंधे लेरॉय डिसांबरोबर १९८२ च्या एशियाडला पुरुष डबल्सचं ब्रॉन्झ घेऊन आले, त्यानंतर पुरुष डबल्सचं पुढचं मेडल यायला हांगझोउचं एशियाड उजाडलं, २०२३ साल, तेव्हा थेट गोल्ड, आणि त्या जोडीतही एक मुंबईचाच.

त्या मुंबईच्या मुलाचं आपण काय केलं तेही आठवा. जुलै २०२४ मधे टी-२० वर्ल्ड कपनंतर मुंबईच्या क्रिकेटपटूंचा विधानभवनात सत्कार झाला, संघाला ११ कोटी जाहीर झाले. माझा त्याला विरोध नाही, मीही ती फायनल जागून बघितली. पण तेव्हा चिराग शेट्टीला स्वतः बोलावं लागलं की थॉमस कप हा आमचा वर्ल्ड कपच आहे आणि त्या जिंकलेल्या संघात महाराष्ट्राचा मी एकटाच होतो. खेळाडूवर स्वतःच्या तोंडाने हे सांगायची वेळ यावी हे बरोबर नाही. आपण सगळ्यांनी आधीच सांगायला हवं होतं.

म्हणून राज्य संघटना आणि जिल्हा संघटना यांना विनंती की वर्षातून निदान एक स्पर्धा थॉमस-उबरच्या धर्तीवर घ्या, क्लब विरुद्ध क्लब, तीन सिंगल्स दोन डबल्स, मुलांची वेगळी मुलींची वेगळी. असं झालं की प्रत्येक क्लबला दोन जोड्या तयार कराव्याच लागतील, नाहीतर हरतील. खर्च फार वाढत नाही, हॉल तेच, शटल तीच, अंपायर तेच. शाळांच्या सांघिक स्पर्धांमधेही डबल्सच्या मॅचेस वाढवता आल्या तर बघा. आणि दोन-चार जिल्हे मिळून एक तरी डबल्सचा वेगळा कोच ठेवा, आठवड्यातून दोन दिवस एका गावात, दोन दिवस दुसऱ्या, तेवढ्याने सुद्धा फरक पडेल.

आणि साहेब तुम्हाला विनंती अशी की हॉर्सेन्सची स्पर्धा सुरू झाली की "भारताची विजयी सलामी" एवढं एका कॉलमात छापून थांबू नका. क्रिकेटचा जसा पूर्ण स्कोअरबोर्ड देता तशा पाचही मॅचेस द्या, कोण कोणाविरुद्ध, किती गेम, किती पॉइंट, आणि डबल्सच्या दोघांचीही पूर्ण नावं. थॉमसइतकीच जागा उबरला, मुली हरल्या तरी. फोटो टाकताना एकदा तरी एखाद्या जोडीचा टाका. आमच्या हॉलमधे नोटीस बोर्ड आहे, त्यावर ते कात्रण लावायची जबाबदारी माझी.

आपला,
बॅडमिंटन खेळणारा एक वाचक, सांगली