रोपवाटिकेतल्या घाणेरीबद्दल वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, गोवा राज्य, यांस सविनय नमस्कार.

मी सत्तरीतला काजू बागायतदार. त्याआधी बरीच वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले. दर वर्षी हंगामापूर्वीच्या बेणणीत, म्हणजे तण-झुडपे काढताना, माझी निम्मी मजुरी घाणेरी (लँटाना) आणि रानमोडी या माजलेल्या झुडपांवर जाते. कोयत्याने मारलेली घाणेरी पावसाळ्यात बुडख्यातून पुन्हा फुटते, हे आपल्या वनरक्षकांनाही ठाऊक आहे. पण आजचे पत्र त्या मजुरीसाठी नाही.

गेल्या महिन्यात हमरस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत ठेंगण्या, पिवळ्याजर्द घाणेरीच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या पाहिल्या. विक्रेता म्हणाला, "ही शोभेची, हिला बी धरत नाही." तो खोटे बोलत होता असे मी म्हणणार नाही. अशा काही वाणांना बी खरोखरच कमी धरते. पण त्यातल्या कित्येकांचे परागकण जिवंत असतात. फुलपाखराने ते रानातल्या घाणेरीवर नेले की तिथे फळ धरते, आणि फळ बुलबुल दूरवर नेतात.

आपल्या रानात माजलेली घाणेरी मुळात निसर्गाने घडवलेली एकच एक जात नाही. अमेरिका खंडातल्या अनेक जातींचा युरोपातल्या बागांमध्ये संकर होत होत ती तयार झाली. 1809 च्या सुमारास ती शोभेसाठीच कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली. (एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुले दिसली म्हणून दोन वाण समजू नयेत, फूल जुने होताना रंग बदलते.) प्रत्येक नवा वाण या मिश्रणात नवी जनुके ओततो. फ्लोरिडात या बागेतल्या घाणेरीशी संकर होऊन तिथली स्थानिक घाणेरीच धोक्यात आली आहे.

संकराने काय बिघडते, असे आपले अधिकारी विचारतील. 1941 साली घाणेरीला आवर घालण्यासाठी ती खाणारा टेलिओनेमिया ढेकूण भारतात आणला गेला. घाणेरी आटोक्यात आली नाही. त्याची कारणे अनेक आहेत, पण एक असे की हा कीटक सगळ्या वाणांवर सारखा पोसत नाही.

याउलट साल्व्हिनियाची गोष्ट आहे. केरळात ज्याला आफ्रिकन पायल म्हणतात, ते पाण्यावरचे नेचे. ते वांझ संकर आहे. बीजाणूंनी वाढत नाही, तुकड्यातुकड्याने वाढते, त्यामुळे जनुकांचे वैविध्य जवळपास नाहीच. अनेक वर्षे लोक त्याला दुसरीच जात समजत होते आणि त्या जातीवरचे कीटक सोडत होते. उपयोग होत नव्हता. 1972 मध्ये ते वेगळे ओळखले गेले, 1978 मध्ये आग्नेय ब्राझीलमध्ये त्याचे मूळ घर सापडले, आणि तिथल्या सोंडकिड्याने ऑस्ट्रेलियात, पुढे केरळातही, पाणी मोकळे केले. शत्रू नेमका कोण हे कळल्यावर काम झाले.

महोदय, आपल्याकडे फक्त तोडणीची निविदा निघते. मोलेपासून म्हादईपर्यंतच्या अभयारण्यांतली घाणेरी एका कुळीची की दहा, हे आधी तपासायला हवे. गोवा विद्यापीठ आणि जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आपल्या हाताशी आहेत. तोपर्यंत निदान रोपवाटिकांतली घाणेरीची विक्री थांबवावी. वेडेलियाचीही थांबवावी. दुभाजकांवर आणि हॉटेलांच्या बागांत पसरणारी ही पिवळी वेल चीनच्या ग्वांगडोंगमध्ये तिथल्या स्थानिक सोयरीकीतल्या झाडाशी संकर करून बसली आहे. तिथली ती स्थानिक जातच आपल्या देशात पिवळा माका म्हणून औषधात वापरतात.

माझ्या बागायतीच्या कडेला घाणेरीच्या तीन तऱ्हा उभ्या आहेत. नमुने घ्यायला माणूस पाठवा. बेणणीत त्या तेवढ्या मी राखून ठेवीन.

आपला नम्र,
एक काजू बागायतदार, सत्तरी