डॉक्टर, त्या एका ओळीखाली रेघ ओढलीत म्हणून

डॉक्टर,

तुम्ही अजून निवासी डॉक्टर. रात्रपाळीनं डोळे तांबारलेले, तरी काकांच्या मूत्राशयातल्या गाठीचा रिपोर्ट पुरता वाचलात तो तुम्हीच.

काकांच्या लघवीतून लालभडक रक्त, तेही न दुखता. त्याला आधी 'उन्हाळे लागलेत' म्हणून तीनदा अँटिबायोटिक मिळालं होतं. ताप नाही, कल्चरमध्ये जंतू नाहीत, माणूस चाळीस वर्षं बिडी ओढणारा. दुर्बिणीची तपासणी तेव्हाच व्हायला हवी होती. चार दिवस रक्त थांबलं की गोळीला गुण आला असं वाटतं, पण मूत्राशयाचा कर्करोग थांबून थांबूनच रक्त दाखवतो. पुढे गाठ खरवडली आणि 'सगळं काढलंय, तीन महिन्यांनी या' म्हणून घरी धाडलं.

तुम्ही स्टूल ओढून काकांसमोर बसलात. पॅथॉलॉजीच्या कागदावर निळ्या पेनानं एका ओळीखाली रेघ ओढलीत: नमुन्यात स्नायू नाही. मग कागद उलटा करून मूत्राशयाची भिंत काढलीत. आतलं अस्तर, खाली पातळ थर, मग स्नायू, बाहेर चरबी. "काका, गाठ हाय ग्रेड आहे, म्हणजे आक्रमक, आणि दुसऱ्या थरात शिरलीय. तिसऱ्यात गेली का, हे कोणी पाहिलेलंच नाही." दोन मिनिटं लागली असतील. हे पत्र त्या दोन मिनिटांसाठी.

कारण सगळं त्या स्नायूवर अडतं. तिथे पोचलेला कर्करोग खरवडून भागत नाही. तो ओटीपोटातले लिम्फ नोड, म्हणजे लसिकाग्रंथी, धरतो, पुढे फुफ्फुसं, यकृत, हाडं. म्हणून 2 ते 6 आठवड्यांत पुन्हा खरवडायचं आणि तळाचा स्नायू वेगळ्या बाटलीत पाठवायचा. या खेपेला स्नायू आला, आणि त्यात गाठ होती. छाती-पोटाचा सीटी मात्र स्वच्छ. म्हणजे आधी सिस्प्लॅटिनची केमो, मग मूत्राशय काढायचं. सिस्प्लॅटिनला किडनी धड लागते, क्लिअरन्स, म्हणजे रक्त गाळायचा वेग, मिनिटाला निदान साधारण 60 मिलिलिटर. गाठीनं मूत्रनलिका दाबून किडनी सुजली की ते औषधही हातचं जातं. तीन महिने थांबलो असतो तर?

हे आधीच्यांनाही ठाऊक असणारच. कागद वाचायचा कंटाळा, दुसरं काय! माणसाला माणूस समजून समोर बसणारे भेटतात, तेव्हा हा राग जरा निवतो.

आता कोणी भेटायला आलं की काका तेच चित्र पुढे करतात आणि स्नायूवर बोट ठेवून समजावतात, बहुतेक वेळा कागद उलटा धरून.

तुमचे ऋणी,
काकांच्या घरची माणसं